न छाटायचा गुलाब

माजिवडा, ठाणे
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय शकू,

तुला जय भीम, मायाला आशीर्वाद आणि रसिकाला दोन्ही गालांवर एकेक पापा. नात म्हणून तुझी असली तरी पापा माझा. माझं बरं चाललंय. डावा गुडघा बोलतो, उजवा अजून गप्प आहे. साखर आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणतात. मी काय काय खाते ते मी त्यांना सगळं सांगत नाही.

परवा मायाचा मेसेज आला. साडेतीन वर्षांनी तुमच्या घरून काही आलं म्हणून चष्मा पुसून तीनदा वाचला. डोंबिवलीची तळमजल्यावरची अंधारी जागा सोडून तुम्ही शीळफाट्याच्या रस्त्याला नवीन घर घेतलंत, सहावा मजला, आणि पुढे छोटी गच्ची, तिथे दुपारपर्यंत ऊन. वाचून फार बरं वाटलं. मायानं दोन प्रश्न विचारलेत. एक, आईला गच्चीत गुलाब लावायचेत, कुठले लावू? दुसरा, दीपूचं झाड न्यायला कधी येऊ?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावणारं नाही. शिवाय माया म्हणते, तुला कानाला यंत्र लावूनही हल्ली फोनवरचं नीट ऐकू येत नाही. अगं, आपल्याला त्याचं काय? बावीस वर्षं गोळ्या पॅक करायच्या मशीनशेजारी उभ्या होतो, तिथे कुणाला काय ऐकू यायचं? फाटक्या खोक्याच्या पाठीवर दोन ओळी लिहून तू माझ्याकडे सरकवायचीस, मी तुझ्याकडे. सुपरवायझरला वाटायचं आपण माल तपासतोय. तुझ्या माहेरची सगळी भांडणं मला त्या खोक्यांवरून पाठ आहेत. तेव्हा हे पत्र म्हणजे त्यातलंच एक मोठं खोकं समज.

तर गुलाब. नर्सरीवाला शंभर नावं सांगेल आणि त्यातली निम्मी त्यानंच ठेवलेली असतील. नावांच्या मागे लागू नकोस. झाड वाढतं कसं आणि फूल देतं कसं, एवढं बघ.

आधी गावठी घे. फिका गुलाबी, पाकळ्या सैल, सकाळी उमललेला संध्याकाळी गळतो. दिसायला गबाळा, पण एका फुलानं घरभर वास. गुलकंद याचाच करतात. तुझ्या बुद्धाच्या फोटोपुढे आणि माझ्या येशूच्या आल्तारावर इतकी वर्षं हाच गेला. याला कलम लागत नाही, पावसाळ्यात काडी खोचली की जगते. मुळापासून शेंड्यापर्यंत एकच झाड असतं, त्यामुळे वरचं वाळलं तरी खालून पुन्हा तेच उगवतं. याच्याइतका सरळ स्वभावाचा गुलाब दुसरा नाही.

मग हायब्रिड टी. चहाशी आपला संबंध नाही, त्यांच्या कुठल्या चिनी पूर्वजाला म्हणे चहाच्या पानांचा वास यायचा. एका दांडीवर एक फूल, लांब टोकदार कळी, हळूहळू उलगडणारी. प्रदर्शनात बाटल्यांत ओळीनं उभे असतात ते हे. माझ्या लिनोचा जीव यांच्यावर. कल्याणच्या प्रदर्शनासाठी तो महिनाभर आधीपासून बाजूच्या कळ्या खुडायचा, म्हणजे झाडाचं सगळं बळ मधल्या एकीला मिळतं. तू एकदा ते बघून त्याला विचारलं होतंस, 'बाकीच्यांनी काय केलं होतं?' माझ्या भावाला आयुष्यात कुणी गप्प केलं असेल तर ते तू, त्या दिवशी. तुला यांतला ग्लॅडिएटर चालेल. लाल, दणकट, चुका पोटात घालणारा.

फ्लोरिबंडा मात्र तुझ्या स्वभावाचा. एका दांडीवर आठ-दहा फुलं, घोसानं. आपल्या जुन्या चाळीसारखं, मोठं कुणीच नाही पण कुणी ना कुणी जागं असतंच. पांढरा आइसबर्ग लाव. वर्षभर फुलतो आणि फारसे लाड मागत नाही.

रसिकाला मिनिएचर दे, लहान कुंडीत. फूल तिच्या अंगठ्याएवढं, पान तिच्या नखाएवढं. पण ते नाजूक वगैरे नसतात, मोठ्या गुलाबांपेक्षा जास्त सोसतात. पाणी मात्र विसरायचं नाही, कुंडी लहान म्हणून लगेच वाळते. गच्चीच्या ग्रिलवर वेली गुलाब चढवता येईल. 'चढवता' हा शब्द खरा, कारण तो आपणहून काही धरत नाही, सुतळीनं बांधावा लागतो. फांद्या सरळ वर नेऊ नका, आडव्या ताणा. आडव्या फांदीला गाठीगाठीवर फूल येतं.

नर्सरीत 'काश्मिरी' म्हणून छोटी लाल फुलं मिळतात, ती काश्मीरची आहेत की नाही देव जाणे, पण फुलतात भरपूर. इंग्लिश म्हणून खच्चून पाकळ्यांचे येतात ते नको, आपल्या उकाड्यात रुसून बसतात. आणि फुलवाल्याकडचे डच गुलाब बघून मोहात पडू नका. दिसतात सुरेख, नाकाला लावले तर काही नाही.

मायाला एक गोष्ट नीट समजाव. गावठी सोडला तर नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा दोन झाडांचं मिळून एक झाड असतो. खाली रानटी गुलाबाचा खुंट, आणि त्यावर आपल्याला हव्या त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा बारीक कोंब, भरलेला. जिथे भरला तिथे गाठ दिसते. गाठीच्या वरून आलं ते आपलं. खालून आलं ते खुंटाचं. खुंटाची फूट मोठी जोमदार, सरसर वर जाते, नवख्या माणसाला वाटतं झाड काय छान फुटलंय. पानं मोजायची. एका देठाला सात दिसली तर बहुतेक खुंटाची, पाच असली तर आपली. खुंटाची दिसली की ओढून काढायची. ठेवली तर वरच्याचं सगळं तीच खाते आणि एक दिवस बघतो तर

बरं, पुरे. तुला कंटाळा आला असेल.

दुसऱ्या प्रश्नाचं. दीपूचं झाड आहे. या उकाड्यात मोठं झाड हलवू नये, मुळं दुखावतात. थंडी पडू दे. नोव्हेंबरअखेरीस मायाला गाडी घेऊन पाठव, मी तयार ठेवते.

तुझीच,
जॉर्जी

ता. क. मध्यंतरी तुझे फोन घेता आले नाहीत. माझा फोनच धड नव्हता.



माजिवडा, ठाणे
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय शकू,

जय भीम. आज तब्येतीचं वगैरे काही लिहीत नाही.

मागच्या पत्रात गुलाबांविषयी लिहिलेलं सगळं खरं आहे. शेवटचं, दीपूच्या झाडाचं, तेवढं खोटं. फोनचंही खोटं. दीपूचा गुलाब मेला. येत्या नाताळात चार वर्षं होतील.

तुझी खोली पाडायला काढली आणि तू मायाकडे डोंबिवलीला निघालीस, तेव्हा तो निळा ड्रम मांडीवर घेऊन रिक्षातून आली होतीस. अंगभर माती झाली होती. दीपूनं पहिल्या पगारात घोडबंदर रोडच्या नर्सरीतून आणलेला डबल डिलाइट. 'आई, याला जितकं ऊन लागेल तितका हा लाल होतो,' असं त्यानं तुला सांगितलं होतं, आणि तू येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत होतीस. तो डेंग्यूनं आठ दिवसांत गेला त्यालाही तेव्हा दोन वर्षं झाली होती. ड्रम माझ्या अंगणात ठेवून तू म्हणालीस, "जॉर्जी, पाणी घाल, ऊन दे, बोल त्याच्याशी. पण याला कात्री लावू नको. त्यानं लावलेल्यातलं काही कापायचं नाही." मी हो म्हटलं.

तीन वर्षं पाळलं. पण शकू, ते झाड बघून माझा जीव वरखाली व्हायचा. न छाटलेलं, लांबच लांब, खालून उघडं, आणि वर टोकाला दोन बारीक फुलं. दर ऑक्टोबरात मी सगळी झाडं छाटायची आणि ते एकटं तसंच. मला वाटायचं, शकूला जीव लावणं कळतं, गुलाब कळत नाहीत. चांगलं छाटून दिलं तर हिवाळ्यात इतकी फुलं येतील की तीच येऊन माझे हात धरेल. लिनो म्हणाला, "तिला विचार आधी." मी विचारलं नाही. तू नको म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात एका सकाळी मी तो गुडघ्याएवढा छाटला.

सगळं नीट केलं. कात्री धुतली, तिरका काप दिला, बाहेरच्या डोळ्यावर दिला, टोकांना औषध लावलं. चौथ्या दिवशी परतीचा पाऊस आला आणि तीन दिवस थांबला नाही. टोकं काळी पडली. काळं कापलं तर त्याच्या खाली काळं. दर आठवड्याला थोडं थोडं खाली कापत गेले आणि नाताळात गाठीपर्यंत पोचले. पावसानं मेलं की मी नको तेवढं कापलं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. पण कात्री माझ्या हातात होती.

जानेवारीत खालून फूट आली. हिरवीगार, सरळ. मी इतकी हरखले की तुला फोटो पाठवला. तू मायाकडून लिहून घेतलंस, 'दीपू हसतोय.' शकू, अख्ख्या पाड्याला पानं मोजायला मी शिकवलं. त्या फांदीची पानं मी मोजली नाहीत. मला मोजायची नव्हती. फेब्रुवारीत फुलं आली तेव्हा डोळेझाक करता येईना. पांढरी, साधी, बोराएवढी, झुबक्यानं. खुंटाची.

त्याच महिन्यात लिनो गेला. मातीला यायला तुला उशीर झाला, घरी आलीस तेव्हा सगळे पांगले होते. तू माझ्याजवळ बसलीस, माझे केस मागे सारलेस, मला जबरदस्तीनं चार घास भरवलेस. आणि मी तुझ्याकडे बघतही नव्हते. मी मागच्या दाराकडे बघत होते. तू म्हणालीस, आलेच आहे तर दीपूचं झाड बघून जाते. मी म्हटलं, मागे शेवाळ झालंय, पाय घसरेल. चपला घालताना तू म्हणालीस, "लांबूनच दाखव." मी म्हटलं, पुन्हा कधीतरी.

माझा भाऊ गेलेल्या दिवसांत माझ्यासाठी डोंबिवलीहून धावत आलेली तू एकटी, आणि तू कधी उठतेस याची मी वाट बघत होते.

त्यानंतर तुझा फोन वाजला की मी स्वयंपाकघरात जायची. वाजून थांबेपर्यंत तिथेच उभी राहायची. माया काल मेसेजमध्ये म्हणाली, आईला इतकी वर्षं वाटतंय की मयताला उशिरा पोचलो म्हणून मावशी रागावली. वाचून मला कुठे तोंड लपवू असं झालं. तू काही केलं नव्हतंस गं. एका झाडापायी मी तुला टाकलं, आणि वर दोष तुझ्या वाट्याला जाऊ दिला.

एकटी आहे मी, शकू. हे कुणाजवळ बोलत नाही. पुतण्या मार्विन कॅनडाहून रविवारी फोन करतो, काकी जेवलीस का, एवढं विचारतो. संध्याकाळी रोझरी म्हणते. तुला माहीत आहे, त्यातलं अर्धं एकानं म्हणायचं असतं आणि अर्धं दुसऱ्यानं. लिनो गेल्यापासून दोन्ही अर्धी मीच म्हणते. तुझ्याशी बोलावं असं ज्या ज्या दिवशी वाटलं त्या दिवशी मागे जाऊन ती पांढरी फुलं बघून आले आणि फोन परत ठेवून दिला.

आता महिन्यापूर्वीचं ऐक. मायाचा मेसेज आल्यावर मी रिक्षा करून घोडबंदर रोडला गेले आणि एक चांगला वाढलेला डबल डिलाइट घेऊन आले. निळ्या ड्रममधलं ते रानटी झुडूप उपटून भिंतीपलीकडे फेकलं आणि तिथे नवीन लावला. तुला ते पत्र लिहिलं तेव्हा तो लावून झाला होता. खोड कोवळं दिसू नये म्हणून त्याला चिखल चोळला. या शनिवारी फूल आलं. आत साईसारखा, कडेनं लाल, वासही तोच. तुला कळलं नसतं. आणि कळलंच तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. सगळे डबल डिलाइट एकाच झाडाच्या डोळ्यांपासून झालेत, एकाचं दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, तेव्हा हेही तेच झाड. शास्त्रानं ते बरोबर आहे. मी स्वतःला ते इतक्यांदा सांगितलं होतं की मला पटलं होतं.

रविवारी आमचा मृतांचा दिवस होता. आमच्याकडे कबर कायमची नसते, तुला लिनोनं एकदा सांगितलं होतं. काही वर्षांनी ती उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा दुसऱ्या कुणाला देतात. लिनोची ऑगस्टमध्ये उघडली. माझा गुडघा सुजला होता, मला जाता आलं नाही. रविवारी मेणबत्ती घेऊन गेले तर त्याच्या जागेवर कुणा बाईचं नाव, ताजी फुलं. भिंतीत शेजारी शेजारी दोन कोनाडे, दोन्हींच्या दगडावर अजून नाव कोरलेलं नाही. तिथे काम बघणाऱ्या ब्रायनला विचारलं, यातला लिनो कुठला? तो चांगला मुलगा आहे, गर्दीत होता. म्हणाला, "आंटी, कुठल्याही एकासमोर लावा, प्रार्थना पोचते."

मी त्याच्यावर भर गर्दीत ओरडले. म्हटलं, "मला माझा भाऊ कुठे आहे ते सांग. पोचतंय की नाही ते मी बघते." बिचारा वही बघून आला आणि डावीकडचा दाखवला. मी मेणबत्ती लावली आणि लावतानाच लक्षात आलं, त्यानं मला जे सांगितलं तेच मी तुला सांगणार होते.

म्हणून हे पत्र. नवीन झाड मी ड्रममधून काढून साध्या कुंडीत लावलंय. हवं असेल तर घेऊन जा, चांगलं झाड आहे. पण ते दीपूचं नाही. दीपूचं मी कापलं.

जॉर्जिना



माजिवडा, ठाणे
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

शकू,

रविवारी माया एकटीच आली. मी दोन दिवस आधीपासून तिच्यासमोर काय बोलायचं ते जुळवत होते, तर तिनं काही बोलूच दिलं नाही. चहा घेतला, माझ्या औषधांची पिशवी उघडून बघितली, एक गोळी संपत आल्याचं सांगितलं. तुझीच मुलगी. मग म्हणाली, आईनं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिनं एवढंच सांगितलं, ते तुला जसंच्या तसं सांगायला आलेय.

"खुंट कुठे टाकलास ते विचार तिला. वरचं फूल नर्सरीवाल्याचं होतं. दीपूनं माती त्या मुळांवर घातली होती."

चाळीस वर्षं गुलाब करतेय, खुंट म्हणजे आमच्या लेखी वरच्याला उभं करण्यापुरता, डोकं वर काढलं की ओढून फेकायचा. तो कुणाचा असू शकतो हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. तुझ्या आलं.

माया गेल्यावर काठी घेऊन भिंतीपलीकडे गेले. तिथे आता नारळाच्या झावळ्या, पलीकडच्या बिल्डिंगच्या तोडकामाचा राडारोडा, कुणाच्या तरी जुन्या गाद्या. रविवारी सापडलं नाही, सोमवारीही नाही. मंगळवारी शेजारच्या जोविटाला मदतीला घेतलं आणि फरशीच्या तुकड्यांखाली सापडलं. तेच आहे. खोडावर गाठ आहे, गाठीच्या वर माझा शेवटचा काप आहे, तो मी ओळखते.

नखानं साल खरवडली. जिवंत असेल तर आत हिरवं दिसतं. तपकिरी होतं. खाली खरवडली, तपकिरी. थेट मुळांजवळ खरवडली. मग दोन दिवस बादलीत बुडवून ठेवलं, कधी कधी पाणी पिऊन उठतात. आज सकाळी पुन्हा खरवडली.

जोविटाच्या कुंपणाला हाच पांढरा खुंट फुटलेला आहे. हेच पान, हेच फूल. एका सकाळीत मुळासकट काढून ड्रममध्ये लावता आला असता आणि मायाच काय, मीसुद्धा महिन्याभरानं फरक ओळखला नसता. मी तिथे जाऊन उभी राहिले होते, तेही सांगते. बघितलं आणि घरी आले.

मुळं मेली आहेत, शकू. पाऊस नाही, रोग नाही, मी उपटली म्हणून मेली. मागच्या पत्रात मी लिहिलं की दीपूचं झाड मरून चार वर्षं झाली. तेही खोटं निघालं. ते चार वर्षं जिवंत होतं, दर हिवाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर फुलत होतं, आणि मी त्याला रानटी म्हणत होते. ते गेल्या महिन्यात मेलं, तुला फसवायला जागा हवी होती म्हणून.

माया म्हणाली, मावशी, मी पुढच्या आठवड्यात येऊन जे असेल ते घेऊन जाते. मी नको म्हटलं. ते तिनं न्यायचं नाही. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळली नाहीत, त्याचा आता उपयोग नाही, लिनोच्या स्वच्छ धोतराच्या तुकड्यात बांधली आहेत. त्यांना चिकटलेली माती मी धुतलेली नाही.

येत्या रविवारी सकाळी मी येतेय. जोविटाचा भाऊ रिक्षानं सोडणार आहे. नवीन झाड आणणार नाही, एवढंच आणीन. तू म्हणशील तितकंच बोलेन, आणि तू उठ म्हणालीस की उठेन. तुझ्या हातात द्यायचं आहे. हातात घेतलं नाहीस तर तू सांगशील तिथे ठेवीन, पण परत घेऊन येणार नाही.

जॉर्जिना
(आधी 'तुझी' लिहायचं का, ते तुला विचारल्याशिवाय लिहीत नाही.)